उद्याची गाडी

पहिली वीट आली ती थेट माझ्या कणकेच्या परातीत. पीठ तोंडावर उडालं, डोळ्यांत गेलं, आणि मला पहिला राग आला तो खिडकी उघडी ठेवल्याबद्दल स्वतःचाच. खाली रस्ता माणसांनी भरला होता आणि मी कणीक वाया गेली म्हणून हळहळत होते. दुसरी वीट दुकानाच्या शटरवर बसली. सगळी इमारत दणाणली, तेव्हा कुठे मला कळलं की ही माणसं आमच्यासाठीच आली आहेत.

"शालन, खाली ये!" जिन्यातून आण्णांची हाक आली. "वर एकटी थांबू नगंस."

आण्णा म्हणजे माझे सासरे. आम्ही विट्याकडचे, कुरणवाडीचे. आमच्याकडे पाऊस नावापुरता आणि रानात दगड मात्र हवे तेवढे. म्हणून अर्धं गाव गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेलं. गलाई म्हणजे जुने दागिने भट्टीत वितळवायचे, तेजाबात घालून त्यातलं हिणकस काढायचं आणि सराफाला चोख सोनं करून द्यायचं. आण्णा मिसरूड फुटायच्या आत बिहारातल्या त्या गावी गेले आणि तिथेच म्हातारे झाले. गावाचं नाव मी आज इतक्या वर्षांनीही सांगणार नाही. तिथे चांगली माणसंही होती, नाव घेतलं की ती उगाच भरडली जातील.

खाली दुकान आणि वर एक खोली. त्या एका खोलीत आण्णा, मी आणि आमचे हे. हे त्या दिवशी सकाळीच जिल्ह्याच्या गावी सराफाकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी आमची गावची गाडी होती. दिवाळीला आम्ही दरवर्षी कुरणवाडीला जायचो, आणि निघण्याआधी दुकानात एक मोठं काम असायचं. त्या कामातूनच हे सगळं झालं.

गलाईच्या दुकानातून कापडाची चिंधीसुद्धा बाहेर जात नाही. सोन्याचे बारीक कण उडतात, घामाला चिकटतात, कपड्यात शिरतात. म्हणून दुकानात आल्यावर कपडे बदलायचे आणि जाताना ते तिथेच खुंटीला अडकवून जायचं. हात पुसायची फडकी, पायपुसणी, बसायची पोती, झिजलेल्या केरसुण्या, सगळं वर्षभर साठवायचं आणि दिवाळीआधी मागच्या अंगणात लोखंडी घमेल्यात जाळायचं. मग ती राख धुऊन त्यातून सोनं काढायचं. आमची माणसं स्वतःचा सदरासुद्धा जाळायला मागेपुढे बघत नाहीत.

त्या सकाळी जाळायला शिवपूजन बसला होता. शिवपूजन तिथलाच, नदीपलीकडच्या वस्तीतला. माझं लग्न व्हायच्या आधीपासून तो आण्णांच्या हाताखाली भट्टी सांभाळायचा. आमच्यात राहून राहून आमच्यासारखंच मराठी बोलायचा, मला वैनी म्हणायचा आणि चेष्टा करायची संधी सोडायचा नाही. दुकानाच्या भिंतीवर आमच्या गावच्या बंगल्याचा फोटो होता. त्याच्याकडे बघून विचारायचा, "वैनी, एवढ्या खोल्या! झोप कंच्या खोलीत लागती वो?"

"वर्षातनं पंधरा दिवस लागती, ती पण पाहुण्यांच्या गलक्यात," मी म्हणायचे. "तुझं बरं हाय बाबा. आई हितं, बहीण हितं. जरा खोकलास तर गाव धावतंय."

"धावतंय की. येतंय, बसतंय, आन् मोकळ्या हातानं जातंय." तो हसायचा. मला तो सुखी वाटायचा आणि त्याला मी. दोघांनाही दुसऱ्याचं म्हणणं कधी पटलं नाही.

त्या पावसाळ्यापासून गावात पिवळे गमछे दिसायला लागले होते. बाहेरच्यांनी गाव खाल्लं, धंदे आमच्या पोरांना द्या, असं म्हणणारी एक संघटना निघाली होती. तिचा गावातला म्होरक्या राजदेव. आमच्या दुकानाला लागूनच त्याच्या भावाचं भांड्यांचं दुकान होतं. दिवाळीच्या तोंडावर शिवपूजनच्या गळ्यातही पिवळा गमछा आला. मला राहवेना, हा कशाला घातलास म्हणून मी विचारलं.

"वैनी, गळ्यात नसला तर पुलावर अडवत्यात," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आन् खरं सांगू का? बरं पण वाटतं. आजपातुर कुणी म्हणालं नव्हतं मला, हे गाव तुझं हाय म्हणून."

पहिल्याच दिवशी त्यानं सवयीनं त्या गमछ्यानं हात पुसले आणि गमछा दुकानाचा झाला. आण्णांनी तो खुंटीला अडकवायला लावला. शिवपूजननं बाहेर घालायला दुसरा आणला, ते फुकटच वाटायचे. तर त्या सकाळी पोती-फडकी आगीत टाकता टाकता त्यानं खुंटीवरचं जे हाताला लागलं ते ओढलं आणि घमेल्यात टाकलं.

"अरे अरे, तो तुझा गमछा!" मी ओरडले.

त्यानं जीभ चावली. चिमट्यानं ओढायला गेला, पण कापडानं पेट घेतला होता. "ऱ्हाऊ द्या वैनी," तो हसला. "आण्णांच्या सोन्यात माझी बी एक गुंज." मीही हसले. दुपारी तो जेवायला घरी गेला आणि तासाभरात माझ्या परातीत वीट पडली.

मी खाली पोचले तेव्हा बाहेरून पहारीनं शटरचा कोपरा उचकटत होते. "आमचा गमछा जाळला, ह्यांना जाळा!" बाहेरून आरोळी आली. तेव्हा मला कळलं, कशासाठी आलेत ते. आण्णा भट्टीला पाठ लावून उभे होते. मी फळीवरची तेजाबाची बरणी उचलली.

"ठेव ती."

"आत आले की तोंडावर ओतते."

"ठेव म्हणतोय न्हवं! एकाचं तोंड जाळशील, बाकीचं आपल्याला जित्तं जाळतील."

मी बरणी खाली ठेवली आणि शटर फाटलं. वाकलेल्या पत्र्याखालून माणसं सरपटत, एकमेकांना ढकलत आत आली. पहिल्यानं आण्णांच्या कानशिलात दिली. टोपी उडाली, चष्मा उडाला. दुसऱ्यानं त्यांना सदऱ्याला धरून खाली पाडलं आणि लाथा सुरू झाल्या. मी मध्ये पडले तर कुणीतरी माझी वेणी मनगटाला गुंडाळून मला भिंतीकडे ओढलं. कपाट आडवं झालं. मुशी फुटल्या, म्हणजे सोनं वितळवायची मातीची भांडी. एकाची काठी तेजाबाच्या बरणीवर बसली. काच फुटली, तेजाब फरशीवर पसरलं, नाकाला झोंबणारा धूर उठला. पुढच्या एका माणसाच्या पायात चप्पल नव्हती. तो असा किंचाळला की क्षणभर सगळे थांबले. मग त्यानंच लाकडी ड्रॉवर उचलून आण्णांच्या डोक्यात घातला. रक्त कपाळावरून मिशांत उतरलं.

राजदेव पुढे आला. त्यांची बोली मला आता धड येत नाही, अर्थ तेवढा सांगते.

"आमचा गमछा कुणी जाळला?" त्यानं विचारलं. "त्याचा हात आम्हाला द्या. म्हातारा सोडतो."

आण्णा उठून बसले. रक्त पुसलं. बोलले नाहीत.

कुणीतरी भिंतीवरचा फोटो ओढून काढला. राजदेवनं तो माझ्यासमोर धरला. "हे कुणाचं घर?"

"आमचं."

"कोण राहतं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "कुलूप असतं."

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना आमची दया येईल. आम्हीही तुमच्यासारखेच एका खोलीत स्वयंपाक करतो, तिथेच झोपतो, बांधलेल्या घरात राहायला आम्हाला मिळत नाही, असं मला म्हणायचं होतं. राजदेव गर्दीकडे वळला.

"ऐकलंत? आमच्या आयांच्या डोक्यावर पत्रा नाही, आणि ह्यांची घरं रिकामी उभी आहेत! सुखी आहेत हे! आपल्या मातीवर सुखी आहेत!"

त्यानं फोटो आण्णांच्या तोंडावर फोडला. त्यानंतरचा मार पहिल्यापेक्षा वाईट होता. पहिल्यांदा ते रागानं मारत होते, आता आपलं खरं आहे अशा खातरीनं मारत होते. तीस जण राहतात असं खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मला दारात शिवपूजन दिसला. गळ्यात नवाकोरा पिवळा गमछा. दोघांनी त्याच्या खांद्यावर हात टाकले होते. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आता हा बोलेल. गमछा माझा होता, चुकून मीच टाकला, एवढंच सांगायचं होतं त्याला. तो खाली बघत राहिला.

तो बोलत नाही म्हटल्यावर मी बोलायचं ठरवलं. माझ्या डोळ्यांदेखत टाकला होता त्यानं. एका वाक्यात आण्णा सुटले असते. त्याचं काय होईल ह्याचा विचार मी केला नाही, आणि करणारही नव्हते. मी बोट वर केलं.

"शालन, गप!"

आण्णा मराठीत ओरडले. ओठ फाटला होता, तरी शब्द स्वच्छ होता. "त्येचं नाव घ्यायचं न्हाई. आपली उद्याची गाडी हाय. मार खाऊ आन् जाऊ. त्येला हितंच ऱ्हायचं हाय. त्येला कुठली गाडी न्हाई."

त्या गर्दीत मराठी कळणारी तीनच माणसं होती. दोन आम्ही. तिसऱ्यानं मान वर केली आणि आण्णांकडे बघितलं.

"काय म्हणतो म्हातारा?" राजदेवनं शिवपूजनला विचारलं. "तुला कळतं ना ह्यांचं?"

"शिव्या देतोय," शिवपूजन म्हणाला.

राजदेव हसला. ऐरणीवरचा हातोडा त्यानं उचलला आणि शिवपूजनच्या हातात दिला. "आयुष्यभर ह्यानं तुला राबवलं. तू आमचा आहेस ना? मग दाखव."

शिवपूजन पुढे आला. मी त्याला आई-बहिणीवरून शिव्या घातल्या, मराठीत, म्हणजे त्याला कळाव्यात म्हणून. तोही ओरडत होता, त्याच्या बोलीत, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. ह्यानं माझं रक्त प्यायलं, बाजूला व्हा, ह्याला हात लावायचा हक्क माझा आहे. असं म्हणत त्यानं आण्णांवर वाकलेल्या दोघांना ढकलून दिलं. आणि त्या ओरडण्याच्या मध्येच, श्वास घेता घेता, हळूच बोलला.

"आण्णा, हात फुडं करा. डावा."

आण्णांनी डावा हात ऐरणीवर ठेवला. स्वतःहून ठेवला. हातोडा एकदाच खाली आला. आवाज मोठा नव्हता, वाळकं लाकूड मोडावं तेवढाच. ओरडणं आण्णांचं होतं की माझं, ते मला आजही सांगता येणार नाही. गर्दीनं जयजयकार केला. हात मिळाला होता. मग त्यांनी तराजू, पेटी, हाताला लागेल ते उचललं, अंगणातलं राखेचं घमेलं लाथेनं उडवलं आणि शिवपूजनला खांद्यावर घेऊन गेले.

संध्याकाळी हे परतले. डॉक्टर भीतीनं दार उघडेना, शेवटी एका कंपाउंडरनं फळी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीत बसलो. सगळ्या वाटेत मी शिवपूजनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

"डावा मागितला त्यानं," आण्णा एकदाच म्हणाले.

"हात तो हात! मोडला न्हवं?"

"उजवा मागितला आसता तरी दिला आसता मी. धंदा बसला आसता. पोटाचा हात सोडला पोरानं."

मी तोंड फिरवलं. मला त्यांचा राग आला होता. एवढं शहाणपण मला पेलत नव्हतं.

कुरणवाडीत माणसं भेटायला आली. आता बंगल्यात आराम करा, म्हणाली, सुखाचे दिवस आले. आण्णांना त्या बंगल्यात झोप लागायची नाही. या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. गावात बोलायला त्यांच्या वयाचं कुणी ओळखीचं उरलं नव्हतं, सगळे आपापल्या गलाईच्या गावी गेलेले नाहीतर मेलेले. ह्यांनी दुसऱ्या राज्यात दुकान बघायला सुरुवात केली.

माघातल्या एका दुपारी फाटक वाजलं. बघते तर शिवपूजन. अंगावर मळकी चादर, कोपराला अडकवलेली पिशवी. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"का आलास? दुसरा मोडायला?"

कोपरानं त्यानं चादर बाजूला सारली. दोन्ही हात मनगटापासून वाकडे बसले होते. बोटं आत वळलेली, एकही सरळ होत नव्हतं. मी फाटक उघडलं.

आण्णा व्हरांड्यात बसले होते. हात जोडता येईनात, म्हणून त्यानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"कुणी केलं?" आण्णांनी विचारलं.

"राजदेवनं. तुमी गेल्यावर आठ-धा दिवसांनी."

"कशापायी?"

"गमछा मी जाळला म्हणून."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी गळ्याला चिमूट लावली. "आईशप्पथ, मी कुणाला सांगितलं न्हाई."

"कुणीच न्हाई सांगितलं, वैनी. त्यानं सोताच बघितलं हुतं. सकाळी त्यो भावाच्या दुकानाच्या गच्चीवर हुता. मी टाकताना बघितलं त्यानं."

म्हणजे गमछा कुणी जाळला असं तो दरडावून विचारत होता, तेव्हा त्याला उत्तर माहीत होतं. हातोडा हातात देताना माहीत होतं.

"मग तवाच का न्हाई धरलं तुला?" मी विचारलं.

"तवा तुमी हुता की," शिवपूजन म्हणाला. "तुमी गेला. दुकान बंद पडलं. धंदा काय कुणाला मिळाला न्हाई. लोकं त्यालाच इचाराय लागली, आमाला काय मिळालं म्हणून. मग त्याला दुसरं कुणीतरी पायजे हुतं."

आण्णा त्याच्या हातांवर वाकले. "मला वाटलं, तुझंच गाव हाय," ते म्हणाले. "तुला काय करायची न्हाईत."

"मला बी वाटलं हुतं, आण्णा."

मी आत गेले आणि ताट वाढून आणलं. भाकरी, वांग्याचं कालवण. त्यानं बोटांनी भाकरी मोडायचा प्रयत्न केला, ती ताटाबाहेर सरकली. पुन्हा केला. मग ताट तसंच ठेवून तो माझ्याकडे न बघता बसून राहिला. तीन महिने मी ह्या माणसाच्या हातांना किडे पडोत म्हणत होते. मी पुढे सरकले, भाकरी कुस्करली आणि घास त्याच्या तोंडाशी नेला. आधी त्यानं मान हलवली. मग तोंड उघडलं.

दोन-तीन घास झाले असतील, तोच फाटकाशी मोटरसायकल थांबली. तिघं होते. पुढचा अभिजित आमच्या भावकीतला, माझ्या मांडीवर खेळलेला. दुसरा वाटेतला दगड उचलून हातात झेलत होता.

"काकी, त्यो भय्या हितं ऱ्हाणार हाय म्हणं?"

"पाहुणा हाय."

"पाहुणा आसंल तर जाणार कधी?" तो नरमाईनं बोलत होता. "गावातल्या पोरांना काम न्हाई, आन् तुमी भाहेरची आणून बंगल्यात ठेवताय. पोरं चिडल्यात काकी. उद्या काय झालं तर आमाला म्हणू नगा."

मोठ्यानं ओरडला असता तर मी घाबरले नसते. राजदेवच्या भावाच्या दुकानातही सुरुवातीला असंच, काकी-काकी करून बोलायचे.

"काम हिसकावाय आलाय व्हय त्यो?" मी फाटक धरून ओरडले. "ये आत! हात बघ त्याचं! आन् तुझ्या त्या दोस्ताला सांग, दगड टाक म्हणावं खाली. दारात दगड घिऊन उभी ऱ्हाणारी लई बघितल्यात मी!"

ते हसले. मोटरसायकल वळली. जाता जाता मागच्यानं दगड भिरकावला. तो फाटकाच्या पत्र्यावर बसला आणि सगळा बंगला दणाणला.

मी मागे वळले तेव्हा शिवपूजन उभा होता. पिशवी त्यानं पुन्हा कोपराला अडकवली होती. त्याला मराठी कळत होतं, सगळं कळत होतं. माझा घास अजून त्याच्या तोंडात होता.

"आण्णा," तो म्हणाला, "आता मी कुठली गाडी धरू?"

ऐरणीवर हात ठेवताना न रडलेले आण्णा तेव्हा रडले. मी फाटकाला आतून कुलूप घातलं. शिवपूजनच्या कोपरातली पिशवी काढून घेतली आणि खांद्याला धरून त्याला ताटापुढे बसवलं. पुढचा घास केला, आणि फाटकाकडे बघत बघत त्याच्या तोंडात घातला.